रफाराच्या पुढची अक्षरं

"पेढं कुटायत?"

एसटीतून पाय खाली टाकला नाही तोच सोनाआत्तीनं वाट अडवली. माझ्या बापाची ती धाकटी बहीण. गावातलं काही तिच्या नजरेतून सुटायचं नाही. तिच्यामागं दूध घालायला आलेल्या चार-पाच बायका किटल्या घेऊन उभ्या होत्या आणि तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"कसलं पेढं, आत्ती?"

"आता गं बया! आरं, तानीला दिस गेल्यात. ह्या वयात देवानं बगितलं. गावभर झालं, आन बापालाच पत्त्या न्हाई!"

बायका खिदळल्या. मी खांद्यावरची वळकटी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"बगा बगा, लाजलाय गुळव्या!"

दूध संस्थेच्या दारात हिंदुराव उभा होता. तो संस्थेचा सेक्रेटरी. आदल्या पावसाळ्यात त्यानंच प्रौढांचा वर्ग काढून माझ्यासारख्या आठ-दहा अंगठेबहाद्दरांना अक्षरं शिकवली होती. सगळे हसत होते, तो हसला नाही.

"आण्णा, अगुदर घरला जावा," तो म्हणाला. "वहिनींची तब्येत बरी न्हाई."

हा का हसला नाही, एवढंच घेऊन मी घराकडं निघालो.

मी गुळव्या. काहिलीतला रस उकळून गूळ कधी उतरायचा, हे सांगणारा माणूस. पाकाचा थेंब पाण्यात टाकला की त्याची गोळी कशी होते, त्यावरून मी ढेप कशी बसणार ते सांगायचो. दिवाळीच्या चौथ्या दिवशी मी मुधोळकडच्या गुऱ्हाळांवर गेलो होतो, तो चैत्र सरता परत आलो होतो. सहा महिने. गावातल्या बायकांनी बोटांवर मोजले होते आणि त्यांची मोजणी बरोबर जुळत होती.

तानू उंबऱ्यात बसून चिंच फोडत होती. मला बघून ती हात टेकून उठली. पोट पुढं आलेलं, लुगडं वर बांधलेलं. तिची मनगटं वाळलेल्या उसासारखी झाली होती, गाल आत गेले होते. पण हे मला आत्ता लिहिताना आठवतं. तेव्हा माझी नजर पोटावरून हलली नाही.

"आलासा?" ती म्हणाली.

"हे काय?"

"गोळा हाय पोटात. दोन घास खाल्लं की गळ्याशी येतंय."

"गाव तर वेगळंच म्हनतंय."

"गावाला म्हनू दे. तुम्हास्नी तर ठावं हाय न्हवं?"

ठाऊक होतं. ते फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. एकोणीस वर्षांपूर्वी मूल होत नाही म्हणून आम्ही कोल्हापूरला तपासणी करून घेतली होती. डॉक्टर म्हणाले होते, बाईंच्यात काही दोष नाही, मूल होणार नाही ते तुमच्यामुळं. येताना एसटीत तानू म्हणाली, "घरात काय सांगायचं ते तुम्ही सांगा." मी काहीच सांगितलं नाही. न सांगितल्यावर जे होतं तेच झालं. आत्तीनं तिला वांझ ठरवलं. बारशाला तिला बोलावणं येईना. कुणाची ओटी भरायची असली की ती आपणहून मागच्या दारानं शेताकडं जायची. तिनं एकदाही तोंड उघडलं नाही.

आता गावाला आनंद झाला होता. संशय घ्यायला कारण होतं ते एकट्या मला, आणि ते कुणापुढं बोलायची सोय नव्हती.

"दवाखान्यात गेली हुतीस?"

"नर्सबाईकडं गेलो हुतो. लघवी तपासली तिनं. दिस न्हाईत म्हनाली. कोल्लापुरास फोटू काडा म्हनून चिठ्ठी दिलीया. तुमची वाट बगत हुतो."

"कुनासंगं गेलीस?"

"हिंदुरावभावजींनी सोडलं गाडीवरनं."

ती नर्सबाई हिंदुरावची मावसबहीण लागत होती. मी तेही मनात टाकून ठेवलं.

दोन दिवसांत माझ्याकडं बरंच साठलं. हिंदुराव रोज सकाळी ताकाचा तांब्या दारात ठेवून जातो. तो आला की तानू पदर सारखा करते. हे मी बघितलं. ती सगळ्यांपुढंच पदर सारखा करायची, हे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी फळीवर मला पाटी सापडली. त्यावर 'तानुबाई' असं लिहिलेलं, अक्षर माझ्यापेक्षा सरळ.

"हे कुनी लिवलं?"

"मी," ती म्हणाली. तिला थोडी लाज वाटल्यासारखी दिसली. "हिवाळ्यात बायकांचा वर्ग काडला की भावजींनी. तुम्ही आल्यावर दावनार हुतो."

"मला कळीवलं न्हाईस."

"कसं कळीवणार? पत्र लिवाय येत न्हवतं तवा."

ती हसली. मला हसू आलं नाही. त्या संध्याकाळी मी संस्थेसमोरच्या पारावर जाऊन बसलो आणि हिंदुराव कुणाशी काय बोलतो ते बघत राहिलो.

"आण्णा, काय म्हंतंय मुधोळ?" त्यानं विचारलं.

"मुधोळ बरं हाय. गाव कसं हुतं माज्यामागं?"

"गावाला काय धाड भरलीया! तुम्ही कोल्लापुरास कवा जाताय ते सांगा. उशीर करू नका."

"तुला लई घाई."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग आत जाऊन दुधाची मापं बघू लागला. बोलणं तोडतोय म्हणजे काहीतरी आहे, असं मी धरलं. तो बोलत राहिला असता तरी मी तेच धरलं असतं.

चौथ्या दिवशी कोल्हापूरला गेलो. सोनोग्राफीच्या दवाखान्यात सगळ्या पोटुशा बायका बसलेल्या. एकीनं तानूला जागा करून दिली आणि "कितवा?" म्हणून विचारलं. तानू म्हणाली, "गोळा हाय." ती बाई माझ्याकडं बघून हसली.

तपासणी लांबली. तानू बाहेर आली ती भिंत धरूनच, आणि मोरीकडं गेली. तिला उलटी होत होती. तेवढ्यात खिडकीतल्या मुलीनं माझ्या हातात मोठं पाकीट दिलं.

"पेशंटचे मिस्टर ना? हे सर्जनना दाखवायचं. लवकर दाखवा, डॉक्टरांनी आजच म्हणून सांगितलंय."

"का? काय हाय?"

"ते सर्जन सांगतील. पुढचा पेशंट!"

पाकिटावर तांबड्या ठळक अक्षरांत एक ओळ छापलेली होती. मी पहिलं अक्षर बघितलं. ग. त्याच्या पुढं भ, आणि भच्या डोक्यावर रफार. रफार मला सगळ्यांत शेवटी आला होता. वर्गातली बाकीची माणसं त्याला शिंग म्हणायची. आमच्या पुस्तकात शेवटून दुसरा धडा होता, 'गर्भवती मातेचा आहार'. त्या धड्यावर मी चार दिवस अडलो होतो, म्हणून तो शब्द मी कधीच विसरणार नव्हतो.

गर्भ.

पुढं आणखी बरीच अक्षरं होती. मी ती वाचली नाहीत. वाचायची गरज वाटली नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न विचारता मी छापील कागदावरून काहीतरी स्वतः समजून घेतलं होतं. आणि सर्जन कशाला हवा, तेही मला कळलं. पोर पाडून लवकर मोकळी करायची असणार. उशीर करू नका, असं हिंदुरावही म्हणालाच होता.

तानू तोंड पुसत आली. "काय म्हनाली?"

"काय न्हाई. वायगोळा हाय. पंद्रा दिस औशीद घ्या म्हनाली."

"पाकीट?"

"फोटू हाय त्यात. चल, एसटी चुकंल."

घरी आल्यावर मी पाकीट माळ्यावर गुळाच्या जुन्या साच्यांच्या मागं टाकलं.

आता माझ्या मनात असं होतं की ती आपणहून कबूल करेल. रोज मी तिला बोलायला जागा करून द्यायचो.

"तुला मला काय सांगायचं हाय का?"

"काय सांगू? ओव्याचं पाणी केलंय, तेबी पोटात ठरंना."

"आनखी काय?"

"आनखी पाय सुजल्यात."

आत्ती लाडू घेऊन यायची. "खा गं, दोन जिवांची हाइस," म्हणायची. तानू म्हणायची, "आत्ती, एकाच जिवाची हाय मी, आन त्योबी जातोय का ऱ्हातोय." आत्ती तिच्या तोंडावर हात ठेवायची. अशा दिवसांत असलं अभद्र बोलू नये म्हणायची. मी सोप्यात बसून ऐकायचो. ही नाटक चांगलं करते, असं मला वाटायचं. ती कूस बदलताना कण्हायची, तेव्हाही तेच वाटायचं.

असे सतरा दिवस गेले.

अठराव्या दिवशी दुपारी मी परड्यात लाकडं फोडत होतो. तानू मागच्या दारातून आली. तिच्या हातात पाकीट होतं. डाळीचा डबा काढायला स्टुलावर चढली होती म्हणे. त्या पोटानं ती स्टुलावर कशी चढली, देव जाणे.

"ह्ये माळ्यावर का टाकलंसा?"

मी कुऱ्हाड खाली ठेवली. आता बोलायची वेळ आली होती. "का टाकलं ते तुला ठावं हाय."

"मला न्हाई ठावं."

"वरचं वाच की. तुलाबी येतंय न्हवं वाचाय? तुज्या मास्तरानं शिकीवलंय न्हवं?"

तिनं पाकीट डोळ्यांजवळ धरलं. ओठ हलले. मग तिनं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. काही न उमगलेल्या माणसाची नजर होती ती.

"तुम्ही वाचलंसा?"

"वाचलं. गर्भ लिवलंय. मी अडानी ऱ्हायलेलो न्हाई आता."

"फुडं वाचा."

"काय वाचायचंय फुडं?"

"फुडं वाचा म्हनतो."

ती लाकडांच्या ढिगावर बसली, पाकीट मांडीवर ठेवलं आणि अक्षराखाली बोट धरलं. वर्गात धरतात तसं. मी वाकलो.

"ग, र्भ," मी म्हणालो. "लिं. ग. नि. दा. न."

"फुडं."

"के-ले. जा-त. ना-ही."

तिचं बोट थांबलं नाही. खालची बारीक ओळही तिनं माझ्याकडून वाचून घेतली. तो कायद्यानं गुन्हा आहे. मी वाचत होतो आणि मला अर्थ लागत नव्हता. मग लागला. ते तानूबद्दल नव्हतंच. मुलगा की मुलगी ते इथं सांगत नाहीत, एवढंच तिथं म्हटलं होतं. ते दवाखान्याच्या प्रत्येक पाकिटावर छापलेलं होतं.

"आतलं इंग्रजी हाय," तानू म्हणाली. "भावजींना बोलवा."

"मी..."

"बोलवा आधी."

हिंदुरावनं उभ्या उभ्याच कागद वाचला. मधेच त्यानं वरची तारीख बघितली.

"आण्णा, ह्ये सतरा दिस घरात हुतं?"

मी मान हलवली.

"अपेंडिक्सला मोठी गाठ हाय म्हंत्यात. पोटात घट्ट पानी पसरलंय. ताबडतोब सर्जन, असं लिवलंय." त्यानं कागदाची घडी घातली. त्याला माझ्याकडून आणखी काहीतरी ऐकायचं होतं, पण त्यानं विचारलं नाही. "मी संस्थेची गाडी काडतो. वहिनी, लुगडं बदलू नका, तशाच चला."

कोल्हापूरचे सर्जन शिरगुप्पे डॉक्टर वयस्क होते. कमी बोलायचे. त्यांनी तानूच्या पोटावर हात ठेवून दुसऱ्या बाजूनं बोटांनी टिचक्या मारल्या, डोळे मिटून ऐकल्यासारखं केलं. मग मोठ्या मशिनीत घालून आणखी एक फोटो काढून घेतला. सहीचा कागद आला तेव्हा तानूनं स्वतः सही केली. मी तिच्याशेजारी उभा होतो. माझ्याकडं कुणी पेन दिलं नाही.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सुरू झालं आणि दुपारी साडेतीनला संपलं. डॉक्टरांनी मला आत बोलावलं. टेबलावर काचेची मोठी बरणी होती.

"तुम्ही काय करता?"

"गुळव्या हाय जी."

"मग हे बघा."

मी बघितलं. पिवळसर, घट्ट, तकाकी असलेला ऐवज. बरणी तिरकी केली की सावकाश सरकत होता. उतरायच्या थोडं आधी काहिलीत पाक असा दिसतो. मी तो हजारदा बघितला होता.

"हे पोटात हुतं?"

"पाच किलोच्या वर निघालं. अपेंडिक्स म्हणजे आपलं आंत्रपुच्छ. असतं करंगळीएवढं. ते सुजून दुखतं हे सगळ्यांना माहीत आहे. यांचं दुखलं नाही. त्याच्या आत गाठ होऊन असं चिकट साठत गेलं, ते फुगलं, फुटलं, आणि पोटभर पसरत राहिलं. मी तीस वर्षांत असे तिघं बघितले. बाहेरून बघणाऱ्याला दिवस गेलेत असंच वाटतं. बाईंना किती जणांनी सांगितलं असेल, कुणास ठाऊक."

"ती पयल्यापास्नं गोळाच म्हनत हुती."

"मग तिचंच निदान बरोबर होतं."

त्यांनी सांगितलं, अपेंडिक्स, आतड्याचा थोडा भाग, आतड्यावरचा चरबीचा पडदा आणि दोन्ही अंडाशयं काढावी लागली. तुकडा मुंबईला तपासायला जाईल. जलद वाढणारा प्रकार असेल तर अवघड, सावकाश वाढणारा असेल तर वर्षं मिळतील, पण पुन्हा साठेल आणि पुन्हा पोट उघडावं लागेल.

मी दारापर्यंत जाऊन परत आलो.

"डॉक्टर, कागद सतरा दिस माज्याकडनं घरात पडून ऱ्हायला. त्यानं फरक पडला का?"

त्यांनी बरणीचं झाकण घट्ट केलं. "ते फुटलं कधी, हे मला सांगता येत नाही. वर्षापूर्वी फुटलं असेल. मागच्या आठवड्यातही फुटलं असेल."

"म्हंजे?"

"म्हणजे तुम्हाला उत्तर मिळणार नाही."

मुंबईचा कागद अकरा दिवसांनी आला. सावकाश वाढणारा प्रकार. डॉक्टरांनी तो माझ्यासमोर दोनदा वाचला, आणि दुसऱ्यांदा वाचताना त्यांचाही आवाज सैल झाला. तानू त्यानंतर नऊ वर्षं जगली. मधे आणखी दोनदा पोट उघडावं लागलं.

तो कागद आला त्या दिवशी ती पहिल्यांदा उशाला टेकून बसली होती. तांदळाची पेज घेतली होती आणि ती पोटात ठरली होती. वॉर्डात दुपारचं ऊन आलं होतं. मी वाटी धुवून आणली.

"बसा हितं," ती म्हणाली. "कोन वाटला?"

"काय?"

"माज्या पोटातला. कुनाचा वाटला तुम्हास्नी?"

मी धुतलेली वाटी पुन्हा पुसू लागलो.

"सांगा की. आता पोटात काय ऱ्हायलं न्हाई माज्या. ऐकून घेतो."

"हिंदुराव," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं आणि तिला हसू फुटलं. टाक्यांवर दोन्ही हात दाबून ती हसत होती. डोळ्यांतून पाणी आलं. "आई गं... हिंदुरावभावजी! आवं, त्यो मला 'अ' काडताना आक्का म्हनत हुता. माज्या हाताला छडी लावली हुती त्यानं!" शेजारच्या खाटेवरची बाई उठून बघू लागली. मग तानूचं हसणं थांबलं, पण डोळ्यांतलं पाणी थांबलं नाही. ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

तिकडंच तोंड ठेवून ती बोलली.

"गावाला वाटलं, पोर तुमचं. तुम्हास्नी कळलं, तुमचं न्हवं. का कळलं?"

मी खाटेवरची चादर सारखी करू लागलो.

"एकोणीस वर्सं मी गप बसलो. तुमच्यासाठी. आन तेच तुम्ही माज्यावर काडलंसा."

"तानू..."

"मी घरला येतो. पर आत्ती दारात आली की तुम्ही बोलायचं. मी न्हाई बोलनार. तुम्ही न्हाई बोललासा तर मी त्याच पावली म्हायेरला जानार, टाकं असोत न्हाईतर नसोत."

हिंदुरावच्याच गाडीतून आम्ही घरी आलो. तानूला सोप्यात खाटेवर निजवलं. अर्ध्या तासात आत्ती आली, बरोबर गल्लीतल्या सहा-सात बायका. गावात बातमी आधीच पोचली होती, पण गावाला हवी तशी.

"पोर गेलं, बाई वाचली," आत्ती खाटेजवळ बसकण मारत म्हणाली. "किती म्हैन्याचं हुतं गं? नशीबच फुटकं. वांझंच्या कुशीत देवानं टाकलं, पर तिला पेललं न्हाई."

तानू छताकडं बघत होती.

मी चुलीपाशी उभा होतो. तानूनं मान वळवली नाही, पण खाटेच्या काठावरचा तिचा हात उठायच्या तयारीनं घट्ट झालेला मला दिसला.

"आत्ती," मी म्हणालो. "पोर न्हवतंच. आजार हुता. आन पोर हुनारबी न्हवतं. एकुनीस वर्सांमागं कोल्लापुरात तपासनी केली हुती. तिच्यात काय दोष न्हाई. माज्यात हाय. मी कुनाला सांगितलं न्हाई."

चुलीवर पाणी उकळत होतं. मग आत्तीनं पदर डोळ्यांना लावला.

"बगितलंत गं?" ती बायकांकडं वळून म्हणाली. "बायकूचं उनंपन सोताच्या अंगावर घेतोय. असला गुनाचा दाल्ला मिळाया पुन्न्याई लागती!"

"व्हय बाई," बायका म्हणाल्या. "राजा मानूस."

एकीनं माझ्याकडं असं बघितलं, जसं देवळातल्या मूर्तीकडं बघतात. जे सांगायला एकोणीस वर्षं लागली, ते सांगून झालं होतं, आणि त्यातलं काहीही कुणाच्या कानात शिरलं नव्हतं. आत्ती गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागली.

"आत्ती, बसा," तानू खाटेवरून म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळ्या थांबल्या. "त्येंचं सांगून झालं न्हाई अजून."

मग तिनं माझ्याकडं बघितलं.

"पुन्यांदा सांगा."

मी पुन्हा सांगितलं.